‘मुद्दाम केलं नाही’ म्हटल्यावर भरपाई टळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शेजारच्या घराचं काम चालू होतं. ठेकेदाराच्या माणसांनी पाण्याची लाइन खोलली आणि संध्याकाळी तशीच सोडून गेले. रात्री पाणी सुटलं, भिंतीच्या फटीतून तुमच्या तळघरात शिरलं. छपाईचं यंत्र बिघडलं, कागदाचा साठा भिजला आणि यंत्र बंद पडल्यामुळे हातात असलेली दोन कामं गेली. शेजारी म्हणतात, “मी मुद्दाम केलेलं नाही, काम ठेकेदाराचं होतं आणि तुमच्या-माझ्यात कसला करारही नाही. मग भरपाई कशाची?” पोलिसांनी ‘दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवलं. गुन्हा नाही आणि करारही नाही, मग कायद्यात आपल्यासाठी उरतं काय, असं तुम्ही विचारलंय.

पुष्कळ उरतं. मी पंचवीसएक वर्षं दिवाणी बाजूची वकिली करते आणि त्यातला मोठा हिस्सा अशाच प्रकरणांचा आहे. गुन्ह्यात सरकार खटला चालवतं आणि शिक्षा मागतं. करारभंगात दिलेला शब्द मोडलेला असतो. या दोहोंखेरीज एक मोठं क्षेत्र आहे. तिथे कोणी कोणाला शब्द दिलेला नसतो, तरी दुसऱ्याच्या शरीराला, मालमत्तेला, नावाला धक्का लागणार नाही असं वागण्याची जबाबदारी कायद्यानेच प्रत्येकावर टाकलेली असते. ती मोडली की ते दिवाणी अपकृत्य होतं आणि ज्याला झळ पोचली तो स्वतः दावा लावून भरपाई मागू शकतो. पोलिसांनी चुकीचं काही सांगितलं नाही. फक्त ‘दिवाणी मामला’ याचा अर्थ ‘यात काही होणार नाही’ असा घेऊ नका.

पण आधी तुमची मांडणी थोडी बदलते. तुम्ही सुरुवात केलीत ती ‘माझं एवढं नुकसान झालं’ इथून. माझ्याकडे येणारे जवळपास सगळे पक्षकार इथूनच सुरुवात करतात, आणि ते स्वाभाविक आहे. कायदा मात्र दुसऱ्या टोकाकडून बघतो. नुकसान ज्याच्या वाट्याला आलं त्याच्याकडेच ते राहतं, ही मूळ स्थिती. ते उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायचं असेल तर कारण दाखवावं लागतं. अपकृत्याचा सगळा कायदा म्हणजे त्या कारणाचा शोध आहे.

इंग्लंडमधला 1410 सालचा ग्लॉस्टरच्या शाळेचा निवाडा याचं जुनं आणि स्वच्छ उदाहरण आहे. जुन्या शाळेशेजारी एकाने नवी शाळा काढली. स्पर्धेमुळे जुन्या मास्तरांची तिमाही फी 40 पेन्सवरून 12 पेन्सवर आली. नुकसान खरं होतं, मोठंही होतं, पण भरपाई मिळाली नाही. शाळा काढायचा नव्या माणसाला हक्क होता आणि स्पर्धा न होण्याचा हक्क जुन्या मास्तरांना कोणी दिलेला नव्हता. याच्या अगदी उलट गोष्ट 1703 च्या अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइट या खटल्यात घडली. एका मतदाराला अधिकाऱ्याने मत देऊ दिलं नाही. ज्याला तो मत देणार होता तो उमेदवार निवडूनही आला, म्हणजे पैशात मोजावं असं काहीच नुकसान नव्हतं. तरी दावा शेवटी मान्य झाला, कारण हक्क तुडवला गेला होता. म्हणून दाव्यात आकडा नंतर येतो. कोणता हक्क, कोणाचं कर्तव्य, ते कसं मोडलं, हे आधी.

तुमच्या बाबतीत हक्क सरळ आहे, स्वतःच्या मालमत्तेचा. नावं आणि कलमं देशागणिक बदलतात. फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेत एकच व्यापक वाक्य आहे: आपल्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्याने ते भरून द्यावं. (ते पूर्वी कलम 1382 होतं, 2016 पासून 1240 आहे.) जर्मनीची संहिता 1900 साली लागू झाली. तिच्या कलम 823 मध्ये जीव, शरीर, आरोग्य, स्वातंत्र्य, मालमत्ता असे जपायचे हक्क नावानिशी सांगितले आहेत. इंग्लंडच्या परंपरेतल्या देशांत हा कायदा बहुतांशी निवाड्यांतून घडत गेला. मी त्याच परंपरेत काम करते, त्यामुळे पुढची उदाहरणं तिथली आहेत; मात्र अशा वादात विचारले जाणारे प्रश्न सगळीकडे बरेचसे तेच असतात.

आता शेजाऱ्यांची तीन उत्तरं घेऊ.

‘आपल्यात करार नाही.’ हे उत्तर 1932 पासून फार दुबळं झालं आहे. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात एका बाईंना त्यांच्या मैत्रिणीने जिंजर बिअरची बाटली घेऊन दिली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. उरलेलं पेय ग्लासात ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर पडली असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्या आजारी पडल्या. बाटली मैत्रिणीने विकत घेतलेली, त्यामुळे या बाईंचा करार दुकानदाराशीही नव्हता आणि कारखानदाराशीही नव्हता. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या त्या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी जे तत्त्व मांडलं ते आजही आम्ही रोज वापरतो. आपल्या कृतीची झळ ज्यांना बसेल हे सहज ध्यानात यायला हवं, ते सगळे कायद्याच्या दृष्टीने आपले ‘शेजारी’, आणि त्यांच्याबाबत वाजवी काळजी घेणं आपलं कर्तव्य. तुमचे शेजारी तर शब्दशः शेजारी आहेत. भिंतीला लागून पाण्याची लाइन खोलली तर पलीकडे काय होईल, हे कळायला कोणी इंजिनिअर असावं लागत नाही.

‘मुद्दाम केलं नाही.’ यावर थोडं थांबते, कारण हे वाक्य ऐकून चांगली चांगली माणसं आपला हक्क सोडून देतात. अपकृत्यांचे काही प्रकार हेतूवर उभे असतात: कोणाला मारणं, कोंडून ठेवणं, फसवणं. तुमचा दावा निष्काळजीपणाचा आहे, आणि तिथे मनात काय होतं हे बहुतेक वेळा गौण ठरतं. 1837 च्या व्हॉन विरुद्ध मेनलव्ह या खटल्यात एका शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या हद्दीजवळ गवताची गंजी रचली. ती पेटेल असं त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. ‘बघू काय होतं ते’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्याने तशीच ठेवली. गंजी आपोआप पेटली आणि शेजाऱ्याची घरं जळाली. त्याच्या वकिलांचं म्हणणं, त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे प्रामाणिकपणे ठरवलं, बुद्धी कमी असेल तर तो त्याचा दोष नाही. कोर्टाने ते मानलं नाही. प्रत्येकाच्या बुद्धीइतकं माप धरलं तर माणसागणिक माप बदलेल. म्हणून कसोटी ही की, त्या जागी सामान्य समंजस माणूस असता तर त्याने काय केलं असतं?

हा समंजस माणूस म्हणजे देवमाणूस नव्हे. शेजाऱ्यांच्या वकिलांनी अभ्यास केला असेल तर ते तुम्हाला 1951 चा बोल्टन विरुद्ध स्टोन दाखवतील. मैदानाबाहेर गेलेला क्रिकेटचा चेंडू रस्त्यावरच्या एका बाईंना लागला. पण जवळपास तीस वर्षांत चेंडू सहाएक वेळाच बाहेर गेला होता आणि मध्ये कुंपणही होतं. धोका इतका दुर्मीळ होता की क्लबला दोषी धरलं गेलं नाही. त्याच वर्षीचा पॅरिस विरुद्ध स्टेपनी मात्र दुसऱ्या दिशेने जातो. एका डोळ्याने आधीच अधू असलेल्या कामगाराला मालकाने संरक्षक चष्मा दिला नाही आणि त्याचा चांगला डोळा गेला. इजा झाली तर ती किती भयंकर असेल हे मालकाला माहीत होतं, म्हणून काळजीही जास्त अपेक्षित होती. मी हे गणित पक्षकारांना असं सांगते: धोका घडण्याची शक्यता किती, घडला तर फटका केवढा, आणि तो टाळायला खर्च व कष्ट किती. तुमच्या प्रकरणात टाळायला लागत होतं ते फक्त एक कॉक फिरवणं किंवा उघड्या पाइपला बूच लावणं. दुसऱ्या पारड्यात शेजाऱ्याचं भिजणारं तळघर. निष्काळजीपणाचा मुद्दा मला तुमच्या बाजूने भक्कम वाटतो.

नेमकं कोणी सोडलं हे तुम्हाला बघता आलं नाही, त्याची फार चिंता करू नका. 1863 साली एका गोदामाच्या वरच्या खिडकीतून पिठाचं पिंप रस्त्याने जाणाऱ्या माणसावर पडलं. कसं पडलं हे सांगायला त्याच्याकडे साक्षीदार नव्हता. कोर्ट म्हणालं, पिंपं आपोआप खिडकीतून पडत नाहीत, गोदाम ज्याच्या ताब्यात आहे त्याने खुलासा द्यावा. घटनाच बोलते, ते तत्त्व हे. शिवाय दिवाणी दाव्यात गुन्ह्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं तुमच्याकडे झुकलं की पुरे.

‘काम ठेकेदाराचं होतं.’ तिन्हींपैकी खरा वादाचा मुद्दा हा, आणि इथे मी तुम्हाला हमी देणार नाही. सर्वसाधारण नियम शेजाऱ्यांच्या बाजूने आहे. पगारी नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीला मालक जबाबदार असतो. स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला सहसा नसतो, कारण काय करायचं ते घरमालक सांगतो आणि कसं करायचं ते ठेकेदार ठरवतो. पण या नियमाला अपवाद बरेच आहेत. कामाचा काहीही अनुभव नसलेला माणूस नेमला, तर नेमणुकीतच निष्काळजीपणा होतो. मालक रोज उभा राहून ‘ही लाइन आधी काढा, ती नंतर जोडा’ असं सांगत असेल, तर ठेकेदाराचं स्वातंत्र्य नावापुरतंच राहतं. आणि काम मुळातच शेजाऱ्याला धोका पोचवणारं असेल, तर खबरदारीचं कर्तव्य मालकाचंच राहतं, ते ठेक्याबरोबर देऊन टाकता येत नाही. 1876 च्या बोअर विरुद्ध पीट मध्ये शेजारचं घर पाडून नवं बांधताना वादीच्या घराचा आधार गेला. काम ठेकेदाराकडे होतं आणि त्याने काळजी घ्यायची असंही ठरलेलं होतं, तरी मालक सुटला नाही.

पाण्याचं प्रकरण म्हटलं की कोणीतरी तुम्हाला 1868 चा रायलंड्स विरुद्ध फ्लेचर नक्की सांगेल. गिरणीमालकाने जाणत्या लोकांकडून तलाव बांधून घेतला, जमिनीखालच्या जुन्या विवरांतून पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं, आणि मालकाचा स्वतःचा दोष नसताना तो जबाबदार ठरला. निसटली तर अनर्थ करील अशी वस्तू आपल्या जमिनीवर आणून साठवली, तर ती निसटण्याची जोखीमही आपली, हे कठोर दायित्वाचं तत्त्व तिथून आलं. (भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या 1985 च्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात घातक उद्योगांसाठी ते आणखी कडक केलं आणि एकही अपवाद ठेवला नाही.) पण तुम्ही यावर भिस्त ठेवू नका. 1913 च्या रिकर्ड्स विरुद्ध लोथियन मध्ये वरच्या मजल्यावरच्या बेसिनमध्ये कोणा अज्ञाताने बोळा कोंबून नळ सोडला आणि खालच्या मजल्यावरचा माल भिजला. घरातली साधी नळव्यवस्था हा जागेचा नेहमीचाच वापर आहे आणि खोडसाळपणा परक्याचा होता, म्हणून मालक जबाबदार नाही, असा निर्णय झाला. तुमचं पाणी तलावाचं नाही, नळाचं आहे. दावा निष्काळजीपणावरच उभा करा.

आणि तो दोघांवरही लावा, शेजाऱ्यांवर आणि ठेकेदारावर. एकालाच प्रतिवादी केलं की तो सगळा दोष कोर्टात नसलेल्या माणसावर ढकलतो, आणि नसलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही. माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं. आधीच्या सल्ल्यावरून त्यात फक्त घरमालकावर दावा झाला होता. सगळी साक्ष ‘ठेकेदाराने केलं’ यावरच फिरत राहिली, आणि ठेकेदाराला आत आणायचं ठरेपर्यंत त्याच्याविरुद्धची मुदत उलटून गेली होती. तो पक्षकार खरा होता, त्याचं नुकसान खरं होतं, आणि तो रिकाम्या हाताने गेला. मला ते आजही लागतं.

चूक कोणाची हे ठरलं तरी काम अर्धंच झालं. चुकीमुळेच नुकसान झालं, हे वेगळं दाखवावं लागतं. 1960 च्या दशकात निकाल लागलेल्या एका प्रकरणात चहा पिऊन उलट्या होत असलेला रात्रपाळीचा पहारेकरी रुग्णालयात गेला. डॉक्टरांनी न तपासताच घरी पाठवलं आणि तो दगावला. चहात आर्सेनिक होतं. डॉक्टरांची चूक उघड होती. पण तपासलं असतं तरी उतारा वेळेत देणं शक्य नव्हतं, तो वाचला नसता, म्हणून भरपाई नाकारली गेली. कठोर वाटतं, मलाही वाटतं. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की ‘यंत्र आधीच खराब होतं’, ‘तळघरात ओल आधीपासून होती’ हे बचाव येणारच. यंत्राच्या शेवटच्या दुरुस्तीची नोंद, त्या आठवड्यात केलेल्या कामाची बिलं, पाणी शिरण्याआधीचा एखादा फोटो, या कागदांची किंमत इथे कळते.

मग प्रश्न येतो साखळी कुठे तोडायची याचा. 1961 च्या वॅगन माउंड प्रकरणात सिडनीच्या बंदरात जहाजातून तेल सांडलं, वेल्डिंगच्या ठिणगीने पेटलं आणि धक्का जळाला. पाण्यावर पसरलेलं ते तेल असं पेटेल याचा अंदाज तेव्हा येण्यासारखा नव्हता, म्हणून आगीच्या नुकसानीची जबाबदारी टाकली नाही. म्हणजे नुकसानीचा प्रकार आधी अंदाज येण्यासारखा हवा. तुमचं यंत्र आणि कागद भिजणं यात बसतं. यंत्र अपेक्षेपेक्षा महाग निघालं म्हणून प्रतिवादी सुटत नाही, ज्याचं नुकसान केलं तो जसा आहे तसा स्वीकारावा लागतो.

हातची गेलेली दोन कामं हा नाजूक भाग आहे. केवळ पैशाचं नुकसान, म्हणजे कोणत्याही वस्तूला वा शरीराला इजा न होता बुडालेला नफा, द्यायला कोर्टं फार नाखूश असतात. 1972 च्या स्पार्टन स्टील प्रकरणात खोदकाम करणाऱ्यांनी विजेची केबल तोडली आणि पोलादाच्या कारखान्याची वीज गेली. भट्टीत त्या वेळी असलेला माल खराब झाला. त्याची किंमत आणि त्याच मालावरचा नफा मिळाला. वीज नसल्यामुळे पुढे भट्टीत घालताच न आलेल्या चार खेपांचा नफा मिळाला नाही. तुमची बाजू याहून बरी आहे, कारण तुमचं स्वतःचं यंत्र बिघडलं आणि त्यातूनच कामं गेली. पण ती कामं आधीच ठरलेली होती याचा लेखी पुरावा हवा. ‘येणारच होती’ हे चालणार नाही. आणि एक काम दुसऱ्या छापखान्यातून करून घेता आलं असतं, असं तुमच्याच मजकुरातून दिसतंय. नुकसान वाढू न देण्याचे वाजवी प्रयत्न तुमच्याकडूनही अपेक्षित असतात. तेवढी वजावट होऊ शकते.

याच ओघात अवघड वाटणारी एक गोष्ट सांगते. भिंतीत फट आहे हे तुम्हाला माहीत होतं आणि कागदाचे गठ्ठे थेट जमिनीवर होते, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. पूर्वी वादीची थोडीशी चूक निघाली तरी सगळा दावा बुडायचा. आता बहुतेक ठिकाणी हिस्सा ठरवून रक्कम कमी करतात, इंग्लंडमध्ये 1945 पासून. 1975 च्या फ्रूम विरुद्ध बुचर या प्रकरणात सीटबेल्ट न लावलेल्या वादीचं उदाहरण आहे. अपघात त्याने केला नव्हता, पण पट्टा लावला असता तर इजा टळली असती अशा वेळी 25 टक्के कपात करावी, असं तिथे सांगितलं गेलं. तुमच्या गठ्ठ्यांबाबत थोडी कपात होईल असं धरूनच चला आणि ही माहिती तुमच्या वकिलांपासून लपवू नका. विरुद्ध बाजूच्या तोंडून पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा पक्षकाराकडून आधी कळलेलं शंभर पटीने बरं.

म्हणजे आत्तापर्यंत: कर्तव्य आहे, ते मोडलं याचा पुरावा चांगला आहे, यंत्र आणि कागद यांचा चुकीशी संबंध दाखवता येईल, गेलेल्या कामांचं अर्धंमुर्धं मिळेल, गठ्ठ्यांवर कपात होईल. शेजाऱ्यांवर जबाबदारी येते की फक्त ठेकेदारावर, हे तुम्ही न सांगितलेल्या दोन गोष्टींवर ठरेल. लाइन खोलायचा क्रम कोण ठरवत होतं? आणि काम सुरू होताना तुमच्या भिंतीचा विषय निघाला होता का? निघाला असेल, एखादा मेसेज जरी असेल, तरी पारडं बरंच फिरतं, कारण मग धोका माहीत नव्हता असं शेजाऱ्यांना म्हणता येणार नाही.

मुदतीचं लगेच बघून घ्या. ती देशानुसार आणि चुकीच्या प्रकारानुसार बदलते. इंग्लंडमध्ये मालमत्तेच्या अशा नुकसानीला सहा वर्षं आहेत, शारीरिक इजेला तीन आणि बदनामीला एक. बोलणी चालू आहेत म्हणून मुदत आपोआप थांबत नाही. बोलणी जरूर करा, लेखी करा, आणि नोटीस दोघांनाही एकाच दिवशी पाठवा. दुरुस्तीही करून घ्या, धंदा बंद ठेवून बसू नका. पण त्याआधी त्रयस्थ मेकॅनिककडून यंत्र कशामुळे बिघडलं याचा लेखी अहवाल घ्या, आणि काढलेले गंजके भाग भंगारात देऊ नका. प्रतिवादीचा तज्ज्ञ सर्वांत आधी तेच मागेल.